हिशेब बरोबर होता, तोल गेला

वाचकाचे पत्र, थोडक्यात : सातारा जिल्ह्यातील एका भगिनीने हे पत्र पाठवले आहे, त्यांच्या इच्छेनुसार नाव-गाव देत नाही. त्यांचे यजमान 67 वर्षांचे असून एस.टी.मधून वाहक म्हणून निवृत्त झाले आहेत. 7 महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. आता ते आधाराविना उभे राहतात आणि चार पायांची काठी घेऊन घरातल्या घरात चालतात. दोन महिन्यांपूर्वी दूधवाला महिन्याचा हिशेब घेऊन आला, तेव्हा ते कॉटवरून उठून दाराशी गेले. दूधवाल्याने 3 खाडे धरून 2,520 रुपये सांगितले. यजमानांच्या मते खाडे 4 होते. रोज दीड लिटर, दर 60 रुपये, असा हिशेब ते मनात करत असताना पत्रलेखिकेने स्वयंपाकघरातून “किती झाले हो?” असे विचारले. “चोवीसशे तीस,” असे म्हणून ते तिकडे वळले आणि डाव्या अंगावर पडले. हाड मोडले नाही. मात्र त्या दिवसापासून ते उभे असताना कोणी त्यांच्याशी बोलायचे नाही, असा नियम मुलाने घरात घातला आहे. अलीकडे घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाई मात्र त्यांना उभे करून 100 मधून 7-7 वजा करायला लावतात. तसे करताना ते डुलतात, त्यांना घाम फुटतो. “बाबांचे लक्षच नसते, शिवाय डोकेही चालेनासे झाले आहे, हा प्रकार बंद करा,” असे मुलाचे म्हणणे आहे. पत्रलेखिका विचारतात : “फिजिओथेरपी बंद करावी का? आणि त्या दिवशी मी हाक मारली म्हणूनच ते पडले का?”

उत्तर :

ताई, तुमचे पत्र वाचताना मी प्रथम कागद घेऊन दुधाचा हिशेब मांडला. 31 दिवसांतून 4 खाडे वजा केले तर 27 दिवस उरतात. रोज दीड लिटरप्रमाणे साडेचाळीस लिटर दूध होते आणि 60 रुपयांच्या दराने 2,430 रुपये होतात. तुमच्या यजमानांनी सांगितलेला आकडा अगदी बरोबर होता. पडण्याच्या गडबडीत ही गोष्ट घरात कोणाच्या ध्यानात आली नसावी. मला मात्र तुमच्या सगळ्या पत्रात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ज्या माणसाचे “डोके चालेनासे झाले” असे म्हटले जाते, त्याने पडण्याच्या क्षणापर्यंत खाडे, लिटर आणि दर या तिन्ही गोष्टी मनात धरून ठेवल्या होत्या आणि दूधवाल्याची चूकही पकडली होती.

मग चुकले कुठे? आपण सगळेच असे धरून चालतो की, उभे राहणे म्हणजे काहीच न करणे. निरोगी माणूससुद्धा कधी पूर्ण स्थिर उभा नसतो. त्याचे शरीर घोट्यांवर सतत किंचित पुढे-मागे आणि आजूबाजूला डोलत असते. तळपायांतून आणि सांध्यांतून, डोळ्यांतून आणि कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या अवयवातून मेंदूला सारख्या खबरा जात असतात आणि मेंदू स्नायूंना त्याप्रमाणे हुकूम सोडत असतो. हा कारभार बहुतांशी आपल्या नकळत चालतो, म्हणून उभ्या उभ्या भाजी निवडता येते, फोनवर बोलता येते, भांडताही येते. पक्षाघातानंतर लुळ्या बाजूच्या पायाकडून येणारी खबर अपुरी पडते, तिकडच्या स्नायूंना गेलेला हुकूम उशिरा पोहोचतो, वजन चांगल्या पायावर कलते आणि तोलासाठी डोळ्यांवर अधिक भिस्त ठेवावी लागते. जे काम आपोआप होत होते, ते आता जाणीवपूर्वक, लक्ष घालून करावे लागते. लक्ष ही काही न संपणारी ठेव नाही. एका कामाला ते अधिक लागले की दुसऱ्याच्या वाट्याला कमी येते.

तुमचे यजमान सातारा-मेढा-केळघर-महाबळेश्वर या मार्गावर कित्येक वर्षे होते, असे तुम्ही लिहिले आहे. केळघरच्या घाटात गाडी वळणे घेत असताना, हातात तिकिटांचा ट्रे आणि पंच धरून, पाठ कुठल्यातरी सीटला टेकवून, पुढच्या थांब्याच्या आत सगळ्यांची तिकिटे फाडायची आणि सुट्ट्या पैशांचा हिशेब तोंडी चुकता करायचा, हे त्यांचे रोजचे काम होते. हलत्या जमिनीवर उभे राहून हिशेब करण्याची याहून कठीण शाळा मला तरी ठाऊक नाही. म्हणूनच दाराशी स्थिर फरशीवर उभे राहून दुधाचा हिशेब करताना तोल गेला, ही गोष्ट त्यांना आतून किती लागली असेल, याची कल्पना करावी. तुम्ही लिहिता की ते हल्ली गप्प असतात. त्या गप्प राहण्यात मला ही जखमही दिसते.

आता संशोधन काय सांगते ते पाहू. 1997 साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वीडनमधील संशोधकांनी एक साधे निरीक्षण प्रसिद्ध केले. वृद्धांच्या निवासात राहणाऱ्या 58 जणांबरोबर चालता चालता त्यांनी गप्पा सुरू केल्या. त्यांपैकी 12 जण बोलण्यासाठी चालायचे थांबले आणि पुढच्या 6 महिन्यांत त्या 12 पैकी 10 जण कधी ना कधी पडले. निवासातले ते सगळेच काही पक्षाघाताचे रुग्ण नव्हते. पुढे पक्षाघातानंतर घरी राहणाऱ्यांवर हीच परीक्षा करून पाहिली, तेव्हा तिचे भाकीत इतके नेमके ठरले नाही. तरीही शरीराचा तोल आणि मनाचे काम एकाच गंगाजळीतून खर्च होतात, हे त्यातून सर्वांच्या डोळ्यांपुढे आले. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात पक्षाघात झालेल्यांना बसून, मग उभे राहून, तोंडी प्रतिसाद द्यायला सांगितले होते. उभे राहिल्यावर त्यांचा प्रतिसाद मंदावला. निरोगी माणसांत तसे झाले नाही. म्हणजे नुसते उभे राहणेही त्यांच्या लक्षातला मोठा वाटा खात होते.

परंतु चित्र एकरंगी नाही, आणि ते तुमच्या मुलापर्यंत पोहोचणे आवश्यक आहे. काही अभ्यासांत उभ्या असलेल्या रुग्णाला गणित घातल्यावर त्याचे डोलणे वाढलेले दिसले, तर काहींत ते कमी झाले. माणूस आपल्याच पायांवर फार पहारा ठेवू लागला की आखडतो आणि आपोआप होऊ शकणारे कामही बिघडवतो. मनाला हलकेसे दुसरे काम मिळाले की तो पहारा सैल होतो आणि शरीर आपली जुनी रीत आठवते, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. (कमी डोलणे नेहमीच चांगले असते असेही नव्हे, भीतीने ताठरलेला माणूसही कमी डोलतो.) मोठ्याने उत्तरे देताना श्वासाची लय बदलते आणि केवळ बोलण्यानेही शरीर थोडे हलते. तेव्हा वजाबाकी करताना ते डुलतात, यावरून ती वजाबाकी त्यांना घातकच आहे, असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही. काम किती अवघड आहे, माणूस किती दमलेला आहे, पाय किती अंतरावर आहेत आणि हाताशी आधार आहे की नाही, या सगळ्यांवर ते अवलंबून असते.

तुमच्या हाकेबद्दल आता सरळ लिहितो. त्या दिवशी एका वेळी किती गोष्टी जमून आल्या होत्या ते पाहा. ते कॉटवरून उठून आले होते. समोर वाद चालला होता. मनात तिहेरी हिशेब होता. हाक मागून आली, म्हणून त्यांना मान आणि धड वळवावे लागले, आणि वळणे हे पक्षाघातानंतर उभे राहण्याहून कितीतरी अवघड काम आहे. शिवाय उत्तर आधी आणि पाय नंतर, असा क्रम त्यांनी लावला. अशा प्रसंगी काही माणसे नकळत तोलाला पहिला मान देतात आणि उत्तर लांबवतात. काही जण उत्तराला पहिला मान देतात. आयुष्यभर हिशेब चुकता करूनच पुढच्या सीटकडे वळलेल्या माणसाने हिशेबाला पहिला मान दिला, यात मला नवल वाटत नाही. तुमची हाक ही या साखळीतली एक कडी होती, हे मी नाकारत नाही, कारण खोटा दिलासा तुमच्या उपयोगाचा नाही. पण नवऱ्याला दुधाचे किती झाले हे विचारणे हा अपराध नव्हे आणि त्याचा परिणाम असा होईल, हे तुम्हाला तोपर्यंत कोणी सांगितलेही नव्हते. हा भार तुम्ही मनावरून उतरवावा.

साखळीतली आणखी एक कडी तपासून घ्यायची राहिली आहे. आडवे असलेले माणूस उठून उभे राहिले की काहींचा रक्तदाब एकदम उतरतो, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर. आडवे असताना आणि उभे राहिल्यानंतर 3 मिनिटांच्या आत असा दोनदा रक्तदाब मोजून घ्या. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरत असेल, तर डॉक्टरांना ते आकडे दाखवा. गोळ्या मात्र स्वतःहून कमी करू नका. वजाबाकी करताना फुटणाऱ्या घामाचे कारणही डॉक्टरांकडून तपासून घ्या. मधुमेह असेल तर रक्तातील साखर पाहावी लागेल. घामाबरोबर छातीत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा धाप असेल, तर व्यायाम त्याच क्षणी थांबवा आणि तातडीने दवाखाना गाठा.

मुलाचा नियम प्रेमापोटी आलेला आहे, पण त्याच्या मुळाशी एक गैरसमज आहे. “बाबांचे लक्ष नसते” असे तो म्हणतो. खरे तर उभे असताना त्यांचे जवळजवळ सगळे लक्ष उभे राहण्यातच गुंतलेले असते, म्हणून ते त्याच्या बोलण्याला उशिरा उत्तर देतात. बसवून त्यांना असाच हिशेब घालून पाहा. बसून येतो आणि उभे राहून अडतो असे दिसले, तर तो हिशेबाचा दोष नव्हे. अर्थात पक्षाघातानंतर स्मरणशक्ती आणि एकाग्रतेवर परिणाम होऊ शकतो, तेव्हा शंका मनात ठेवण्यापेक्षा न्यूरॉलॉजिस्टकडून 30 गुणांची ‘मोका’ ही चाचणी करून घेतलेली बरी. त्यांची डावी बाजू लुळी आहे, म्हणजे इजा मेंदूच्या उजव्या भागात असण्याचा संभव अधिक, आणि अशा रुग्णांपैकी काहींना डाव्या बाजूचे भानच राहत नाही. जेवताना ताटातील डाव्या बाजूची चटणी-कोशिंबीर तशीच राहते का, डावा खांदा दाराच्या चौकटीला घासतो का, याकडे तुम्ही आठवडाभर बारकाईने पाहा. तसे होत असेल, तर तोल जाण्याचे ते स्वतंत्र कारण आहे आणि त्यावर वेगळे उपचार असतात.

नियमाच्या दुसऱ्या परिणामाची मला अधिक काळजी वाटते. उभे असताना कोणी बोलत नाही, म्हणून ते उभे राहायचेच टाळू लागले आहेत. दिवसाचा मोठा भाग खुर्चीत जातो, पाय आणखी अशक्त होतात आणि पडण्याचा धोका कमी होण्याऐवजी वाढतो. पक्षाघातानंतर सुमारे एकतृतीयांश रुग्णांना नैराश्य ग्रासते. ज्या माणसाशी घरातली माणसे बोलायची थांबतात, त्याच्या बाबतीत हा धोका हलका मानू नये. झोप, भूक आणि रडू येणे यांविषयी डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.

आता फिजिओथेरपिस्ट बाईंचा प्रश्न. त्या करत आहेत तो छळ नव्हे. शरीराचे आणि मनाचे काम एकत्र करण्याचा सराव हा पक्षाघातानंतरच्या उपचारांचा मान्य भाग आहे आणि त्याने तोल आणि चाल यांत काही सुधारणा होते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. अभ्यास बहुधा लहान आहेत आणि सुधारणाही माफक असते, हे मी लपवत नाही. पण विचार करा, घराबाहेर पडल्यावर शांतता कोण पुरवणार? रस्त्यावर हॉर्न वाजतील, ओळखीचा माणूस “काय भाऊ, बरे आहात का?” म्हणून विचारेल, दुकानात पैसे मोजावे लागतील. याची तयारी कधीतरी, कुणाच्या तरी देखरेखीखाली व्हायलाच हवी. म्हणून उपचार बंद करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पद्धत मात्र बदलायला सांगता येईल. 100 मधून 7 वजा करत जाणे ही बसलेल्या निरोगी माणसालाही दमवणारी गोष्ट आहे. त्यांनी आधी कोणत्या पायऱ्या घेतल्या, बर्ग तोल-चाचणी केली आहे का, तीत किती गुण आले, हे बाईंना विचारा. या चाचणीत 14 कृती आणि 56 गुण असतात; 45 च्या खाली गुण असतील, तर पडण्याच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. खुर्चीतून उठून 3 मीटर चालत जाऊन परत येऊन बसायला किती सेकंद लागतात आणि तेच मोजणी करत केले तर किती वाढतात, ही नोंदही त्या घेऊ शकतील. हे आकडे दर महिन्याला वहीत लिहून ठेवले, तर बरे होत आहे की नाही, याचा निवाडा घाम किंवा भीती पाहून करावा लागणार नाही. असे विचारल्यावर चांगला थेरपिस्ट रागावत नाही.

घरी तुम्ही करू शकाल असा सरावही आहे, पण तो बाईंना दाखवून, त्यांच्या संमतीनेच सुरू करावा. भिंतीच्या कोपऱ्याकडे पाठ करून त्यांना उभे करा, समोर वजनदार खुर्चीची पाठ असू द्या आणि लुळ्या बाजूला, म्हणजे डावीकडे, तुमच्यापैकी एकाने उभे राहावे. डावा हात धरून ओढू नका; लुळा खांदा त्याने दुखावतो. कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरावा. पहिले काही दिवस नुसते अर्धा मिनिट उभे राहणे पुरे. ते सहज जमू लागले की त्यांना त्यांच्या मार्गावरचे थांबे साताऱ्यापासून महाबळेश्वरपर्यंत सांगायला लावा. ते पाठ आहेत, त्यांना फारसे लक्ष लागणार नाही. मग तेच थांबे महाबळेश्वरहून उलटे सांगायला लावा, आणि इथे मनाचे काम सुरू होते. पुढे एका थांब्यापासून दुसऱ्यापर्यंतचे जुने तिकीट, मग तीन माणसांचे तिकीट, असे वाढवता येईल. उत्तर आधी मनात ठरवून शेवटी एकदाच बोलायला सांगा, म्हणजे बोलण्याने होणारी हालचाल वेगळी राहील. आणि एक वाक्य त्यांना प्रत्येक वेळी सांगा : “हिशेब अडला तर अडू द्या, पाय आधी.” ही सवय त्यांना नव्याने लावावी लागेल, कारण ती त्यांच्या स्वभावाविरुद्ध आहे. रंग उतरला, गुडघा लटपटला, डोळे जमिनीला खिळले की खाली बसवा. त्या दिवशीचा सराव तिथेच संपला.

इतर वेळी बोलणे बंद करू नका, बोलण्याची जागा बदला. मागून किंवा दुसऱ्या खोलीतून हाक मारू नये. समोर जाऊन, त्यांना दिसेल असे उभे राहून बोलावे. ते उंबरठा ओलांडत असताना, वळत असताना, खुर्चीत बसता-उठताना आणि ओल्या न्हाणीघरात असताना प्रश्न विचारू नये, इतका नियम पुरेसा आहे. मोबाइल हा घरातला सर्वांत आगाऊ प्रश्नकर्ता आहे : ते चालत असताना तो वाजला तर वाजू द्यावा, बसल्यावर उलट फोन करावा. दारातले पायपुसणे काढून टाका, न्हाणीघराच्या भिंतीला पकडायला दांडा बसवून घ्या, रात्री लघवीला जायच्या वाटेवर दिवा ठेवा. याच स्थितीतून जाणाऱ्या इतर वाचकांच्या घरीही या गोष्टी लगेच करण्यासारख्या आहेत.

एक सावधगिरी अतिशय महत्त्वाची आहे. त्यांना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि पडताना डोक्याला मार बसला, तर वरून जखम दिसो वा न दिसो, लगेच रुग्णालयात न्या. चेहरा वाकडा होणे, हात-पाय एकाएकी आणखी लुळे पडणे किंवा बोबडी वळणे असे दिसले, तर तो नवा झटका समजून 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सामान्यतः झटक्यानंतर साडेचार तासांच्या आतच देता येते. हा क्रमांक दाराजवळ मोठ्या अक्षरांत लिहून लावा.

आणि दुधाची वही त्यांच्याकडून काढून घेतली आहे, असे तुम्ही शेवटी ओझरते लिहिले आहे. ती या महिन्यापासून त्यांना परत द्या. दाराशी हाताची खुर्ची ठेवा, दूधवाला आला की ते तिच्यात बसतील आणि मगच हिशेबाला सुरुवात होईल, असे दोघांनाही सांगून ठेवा. खाडे त्यांनीच मांडावेत. तुम्हीही स्वयंपाकघरातून बाहेर या, त्यांच्या समोर बसा आणि “किती झाले हो?” असे जरूर विचारा.